शाळेच्या संगणकातील हेर : त्याची ओळख व उच्चाटन

इयत्ता चौथीच्या इतिहासामुळे बहिर्जी नाईक हे नाव महाराष्ट्रातील मुलांस परिचित असते. वेषांतर करून परक्या मुलखात शिरावे, तेथील माणसांत मिसळून जावे, सर्व काही पाहावे व ऐकावे आणि ती बातमी आपल्या धन्यास गुपचूप पोचवावी, हे हेराचे काम होय. हेर घर फोडीत नाही की आग लावीत नाही; कोणाचे लक्ष आपल्याकडे न जाण्यातच त्याचे यश असते. संगणकात शिरून हेच काम करणाऱ्या आज्ञावलीस ‘स्पायवेअर’ असे म्हणतात. फरक इतकाच की, बहिर्जी कोणाच्या कार्यासाठी झटत होते हे सर्वश्रुत आहे. ह्या हेराचा धनी कोण, तो कोठे बसला आहे आणि मिळालेल्या माहितीचे तो काय करणार, हे संगणकाच्या मालकास बहुधा कधीच कळत नाही.

प्राथमिक शाळेच्या दृष्टीने हा विषय गौण नाही. शाळेच्या एका संगणकात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. शिष्यवृत्तीच्या निमित्ताने आलेले पालकांच्या बँक खात्यांचे तपशील असतात. ‘सरल’ व ‘यू-डायस प्लस’ ह्यांचे पासवर्ड त्याच यंत्रावर टाइप केले जातात आणि वेतनाचे ‘शालार्थ’ कामही पुष्कळदा तेथेच होते. मुलांची माहिती ही शाळेकडे विश्वासाने सोपविलेली ठेव होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी विशेष दक्षता सांगितलेली आहे. यास्तव हेर कसा ओळखावा व कसा घालवावा, ह्याचे ज्ञान प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकास तरी असणे अगत्याचे आहे.

१. स्पायवेअरचे स्वरूप

संगणक-विषाणू आणि स्पायवेअर ह्यांत भेद आहे. विषाणू आपल्या प्रती काढून एका फाइलीतून दुसरीत पसरतो. स्पायवेअरला पसरण्याची घाई नसते. ते एका जागी बसून टिपणे घेते व इंटरनेटवरून ती बाहेर पाठविते. त्याचे मुख्य प्रकार चार आहेत. पहिला प्रकार जाहिरातदारांचा : कोणती संकेतस्थळे पाहिली ह्याची नोंद ठेवून तो जाहिरातींचा मारा करतो. दुसरा ‘की-लॉगर’ : कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ तो टिपून ठेवतो. तिसरा पासवर्डचोर : ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड व चालू असलेल्या लॉग-इनच्या खुणा तो एकदम उचलून नेतो. चौथा सर्वांत घातक : तो दूरच्या माणसाच्या हाती संगणकाचा ताबा देतो आणि कॅमेरा व मायक्रोफोनही चालू करू शकतो.

हा शब्द १९९५ पासून आढळतो. पण तो सर्वतोमुखी झाला २००० च्या सुमारास. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन ह्यांनी ‘ऑप्टआउट’ ही हेर शोधणारी आज्ञावली तयार केली. पुढे डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जायंट’ नावाची एक लहान कंपनी विकत घेतली. तिच्याच आज्ञावलीतून ‘विंडोज डिफेंडर’ उदयास आला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विषाणू व हेर ह्या दोहोंविरुद्धचा पहारेकरी म्हणून विंडोजमध्ये अंगभूतच असतो. पुण्यात काटकर बंधूंनी उभारलेले ‘क्विक हील’ हेही ह्याच क्षेत्रातील महाराष्ट्राचे कार्य होय.

हेर नेहमी चोरांकडूनच येतो असे मात्र नाही. ह्याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

२००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या कित्येक गाण्यांच्या सीडींत, नक्कल होऊ नये म्हणून, एक गुप्त आज्ञावली घातलेली होती. सीडी संगणकात लावून ऐकू लागताच ती विंडोजमध्ये शिरून स्वतःस लपवीत असे. मार्क रुसिनोविच ह्या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी तिचा स्फोट केला. ह्या लपण्याच्या युक्तीचा फायदा घेऊन इतर घातक आज्ञावल्याही तिच्या आडोशास लपू लागल्या. अखेर कंपनीस त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. ह्यातील एक गोष्ट विशेष उद्बोधक आहे : रुसिनोविच ह्यांनी त्या फाइली हाताने काढून टाकताच त्यांचा सीडी ड्राइव्हच संगणकास दिसेनासा झाला. हेर घालविण्यातही पद्धत पाळावी लागते, ती ह्यासाठीच.

दुसरे उदाहरण शाळेचेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन येथील शाळा-मंडळाने विद्यार्थ्यांस लॅपटॉप दिले होते. चोरीस गेलेला लॅपटॉप शोधता यावा म्हणून त्यांत कॅमेऱ्याने छायाचित्र घेणारी व्यवस्था होती. ती विद्यार्थी घरी असतानाही चालू राहिली, असे फेब्रुवारी २०१० मध्ये दाखल झालेल्या दाव्यातून उघडकीस आले. चौकशीत पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे व पडद्याच्या प्रतिमा आढळल्या. त्याच वर्षी मंडळास ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड करावी लागली. हेतू रक्षणाचा असला तरी सांगितल्यावाचून ठेवलेली पाळत ही पाळतच ठरते, हा बोध शाळांनी घेण्यासारखा आहे.

२. हेर आत येतो कसा

‘घरचा भेदी लंका जाळी’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. कारण बहुतेक वेळी दार घरातील माणसानेच उघडलेले असते. फुकटचा मराठी टंक, परीक्षेचे तयार पेपर, एखादा खेळ किंवा महाग आज्ञावलीची चोरटी प्रत अनोळखी स्थळावरून घेतली की तिच्याबरोबर हेरही येतो. आज्ञावली बसविताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ असे न वाचता दाबीत गेल्यास सोबतच्या नको त्या वस्तूंनाही संमती दिली जाते. ‘तुमचे वेतन रोखले आहे, सोबतची फाइल पाहा’ अशा आशयाचा ई-मेल हेही एक प्रवेशद्वार आहे. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेनड्राइव्ह तेथील संसर्ग घेऊन परत येतो. आणि सर्वांत धूर्त वाट म्हणजे ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला, येथे दाबा’ असे ओरडणारी खोटी पाटी. खरा पहारेकरी कोणत्याही संकेतस्थळाच्या पानावर उभा राहून ओरडत नाही.

३. ओळखण्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास संशय घ्यावा :

(अ) ब्राउझरचे पहिले पान किंवा शोधयंत्र कोणी न बदलता बदलणे. अनोळखी पट्टी अथवा विस्तार दिसू लागणे.
(आ) ब्राउझर बंद असतानाही जाहिराती उमटणे.
(इ) काही काम चालू नसताना पंखा जोराने फिरणे, यंत्र मंद होणे, इंटरनेटचा डेटा लवकर संपणे.
(ई) विंडोजचा पहारा आपोआप बंद झालेला असणे व तो पुन्हा चालू न होणे.
(उ) कॅमेऱ्याशेजारचा दिवा अकारण लागणे.
(ऊ) आपल्या खात्यावर अनोळखी ठिकाणाहून लॉग-इन झाल्याची सूचना येणे.

ह्यांपैकी एकच लक्षण दिसले म्हणून हेर आहेच असे मानू नये. जुने यंत्र कमी स्मृतीमुळेही मंद चालते. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या जाहिराती पुष्कळदा हेराच्या नसतात; एखाद्या संकेतस्थळास सूचना पाठविण्याची परवानगी चुकून दिलेली असते आणि ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ती रद्द केली की उपद्रव थांबतो. उलटपक्षी, कुशल हेर एकही लक्षण दाखवीत नाही. म्हणून लक्षणे नसली तरी ठरावीक काळाने तपासणी करणे हिताचे असते.

४. तपासणी

संशय बळावताच प्रथम संगणकाची इंटरनेटची तार काढावी अथवा वाय-फाय बंद करावे. बातमी नेण्याची वाटच बंद झाली की हेर निरुपयोगी होतो. त्या यंत्रावर कोणताही पासवर्ड टाइप करू नये. नवा पासवर्ड तर मुळीच नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर काहीही न पुसता प्रथम बँकेस व १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर कळवावे. कारण यंत्रातील खुणा पुढे पुरावा ठरतात.

नंतर यंत्राच्या मागील बाजू पाहावी. कळफलकाची तार व संगणक ह्यांच्या मध्ये लहानशी अनोळखी डबी जोडलेली असल्यास तो की-लॉगर असू शकतो. ती कोणत्याही आज्ञावलीस सापडत नाही, डोळ्यांनाच सापडते.

मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कोणती आज्ञावली किती काम व किती नेटवर्क वापरते हे तेथे दिसते. त्यातीलच ‘स्टार्टअप’ भागात संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्यांची यादी असते. संशयित नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडल्यास फाइलीचा ठावठिकाणा कळतो. नावावर विसंबू नये, ठिकाण पाहावे. ‘एस-व्ही-सी-होस्ट’ हे विंडोजचेच अंग आहे आणि त्याच्या अनेक प्रती चालू असणे स्वाभाविक आहे; परंतु ते विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ ह्या फोल्डरात न राहता ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा तात्पुरत्या फोल्डरात राहत असेल, तर तो वेषांतर केलेला परका समजावा. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग असल्यास ती कोणत्या कंपनीची आहे हेही पाहता येते.

५. उच्चाटनाचा क्रम

पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात. एकीने काम भागल्यासारखे वाटले तरी पुढची वगळू नये.

पहिली पायरी : मुलांच्या नोंदी, पत्रे, छायाचित्रे इत्यादी आवश्यक फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. आज्ञावल्यांच्या व बसवावयाच्या फाइली मात्र तीत घेऊ नयेत. नाहीतर हेराचीही प्रत निघते. ही डिस्क पुढे स्वच्छ यंत्रावर तपासल्यावाचून उघडू नये.

दुसरी पायरी : ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ची यादी बसविल्याच्या तारखेनुसार लावावी. उपद्रव ज्या सुमारास सुरू झाला त्या सुमारास आलेल्या अनोळखी आज्ञावल्या तेथूनच ‘अनइन्स्टॉल’ कराव्यात. फोल्डर उघडून फाइली हाताने पुसण्याच्या भरीस पडू नये. सीडी ड्राइव्ह दिसेनासा झाल्याचे उदाहरण वर दिलेच आहे. ज्या नावाचा अर्थ कळत नाही ते काढण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावर त्याचा शोध घ्यावा, कारण कित्येक अपरिचित नावे प्रिंटरची किंवा पडद्याची असतात.

तिसरी पायरी : प्रत्येक ब्राउझरमधील विस्तारांची यादी पाहून अनावश्यक ते सर्व काढावेत व ब्राउझर मूळ स्थितीस आणावा. ‘रीसेट’ ह्या पर्यायाने हे साधते.

चौथी पायरी : इंटरनेट थोडा वेळ जोडून ‘विंडोज सिक्युरिटी’मधून नवीन ओळखसूची उतरवून घ्यावी व जोडणी पुन्हा तोडावी. नंतर ‘फुल स्कॅन’ चालवावा. ह्यास काही तास लागू शकतात, म्हणून तो शाळा सुटल्यावर लावणे सोयीचे. सापडलेली फाइल प्रथम ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे विलगीकरणात, ठेवली जाते, काही दिवस सर्व सुरळीत चालल्यावर ती कायमची काढावी.

पाचवी पायरी : त्याच ठिकाणचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. ह्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते. हेर विंडोजबरोबर जागा होऊन आपले तोंड लपवितो. तो झोपेत असतानाच त्याला गाठण्याची ही युक्ती होय. ह्यास सुमारे १५ मिनिटे लागतात.

सहावी पायरी : दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे तशी दुसरी तपासणी करावी. ‘मालवेअरबाइट्स’सारखी आज्ञावली तिच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी. भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडूनही अशी साधने विनामूल्य मिळतात. कायम पहारा देणाऱ्या दोन आज्ञावल्या मात्र एकाच यंत्रावर ठेवू नयेत. त्या एकमेकींनाच अडवितात व यंत्र मंदावते.

हेर काढू देत नसेल तर संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडल्यास ‘ट्रबलशूट’, नंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ व ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ ह्या मार्गाने तेथे जाता येते. अशा वेळी विंडोज केवळ अत्यावश्यक अंगांनिशीच उठते आणि परक्या आज्ञावल्या बहुधा निद्रिस्त राहतात. तपासणीनंतर इंटरनेटच चालेनासे झाल्यास घाबरून जाऊ नये. हेराने मध्ये बसविलेला ‘प्रॉक्सी’ तसाच राहिलेला असतो. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये तो बंद केला की वाट मोकळी होते.

सातवी व अखेरची पायरी : इतके करूनही लक्षणे परत आली, अथवा दूरच्या माणसाने यंत्राचा ताबा घेतला होता असे दिसले, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावे. ह्यात एक दिवस मोडतो, पण मनातील शंका मोडते. तणाचा शेंडा खुडला तर ते पुन्हा उगवते. मुळासकट उपटावे लागते हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही.

६. उच्चाटनानंतर

हेर गेला तरी त्याने नेलेली बातमी परत येत नाही. म्हणून स्वच्छ यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलावेत : प्रथम ई-मेलचा, कारण इतर खात्यांच्या किल्ल्या त्याच खुंटीला टांगलेल्या असतात, नंतर बँकेचा, त्यानंतर शासकीय संकेतस्थळांचे. जेथे सोय असेल तेथे ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. नाहीतर चोरलेल्या लॉग-इनच्या खुणेवर चोर नव्या पासवर्डवाचूनही आत राहू शकतो. मोबाइलवर दुसरी पडताळणी मिळत असल्यास ती चालू करावी. मुलांची माहिती गेल्याचा संभव असेल तर ते लपवून न ठेवता मुख्याध्यापकांमार्फत वरिष्ठांस लेखी कळवावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ अन्वये कपटाने दुसऱ्याच्या संगणकात शिरून माहिती नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही होऊ शकतात. परंतु तक्रार झाली तरच कायद्याचा हात पुढे होतो.

७. प्रतिबंध

घरात साप शिरल्यावर काठी शोधण्यापेक्षा बिळे बुजविणे बरे. विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी घेतल्या जाव्यात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तशा जुन्या यंत्रांची दखल शाळेने अवश्य घ्यावी. मुलांच्या वापरासाठी संगणकावर वेगळे साधे खाते काढावे व व्यवस्थापकाचे खाते शिक्षकाकडेच ठेवावे; म्हणजे मुलाने चुकून काही दाबले तरी नवी आज्ञावली बसविण्यापूर्वी यंत्र बहुधा व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. मराठी लेखनासाठी अनोळखी स्थळांवरून काही उतरविण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये मराठी कळफलक आहेच आणि २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही त्यात आलेला आहे. शाळेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नयेत, भिंतीवरील कागदावर तर मुळीच लिहू नयेत. कॅमेरा वापरात नसताना त्यावर कागदाची पट्टी लावावी. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह उघडण्यापूर्वी तपासण्याचा शिरस्ता ठेवावा.

८. विद्यार्थ्यांस काय सांगावे

पाचवी ते सातवीच्या मुलांस ह्या विषयाची भीती घालू नये, सवय लावावी. एका तासिकेत दोन खऱ्या व दोन खोट्या पाट्या फळ्यावर काढून खोटी कोणती व का, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. खोटी पाटी घाई करते, भय दाखविते किंवा फुकटचे आमिष दाखविते, ही तिन्ही लक्षणे मुले फार लवकर हेरतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : ‘मी चुकून काहीतरी दाबले’ असे सांगणाऱ्या मुलास शिक्षा होता कामा नये. शिक्षेच्या भयाने मूल गप्प बसले, तर हेरास महिनोन्महिने निर्वेध काम करता येते. त्याने तत्काळ सांगितले, तर तार काढण्यास एक क्षण पुरतो. ज्या वर्गात मूल निःसंकोचपणे शिक्षकांजवळ येऊन बोलते, त्या वर्गातील संगणकाचे रक्षण अर्धे झालेलेच असते.